उणे सात पूर्णांक नऊ

फर्मागुडीच्या पठारावर, रात्री साडेदहाला
प्रयोगशाळेत मी आणि तीन संगणक.
मला सर्दी. त्यांना नाही.
रुमाल गुडघ्यावर, शिंक कीबोर्डपासून वळवून
मी त्याच विषाणूचं एक प्रथिन
पडद्यावर गोल गोल फिरवते आहे
जो या क्षणी माझ्या नाकात
बिनभाड्याचा राहतोय.

पडद्यावर तो देखणा दिसतो, कबूल करायला हवं.
फितींचे वळसे, आणि मधोमध एक खळगा :
चवथीच्या माटोळीत एखादं रानफळ
बांधायचं राहून गेलं की उरते तेवढी जागा.

त्या जागेत एकेक रेणू बसवून पाहायचा.
अडुळशाचा, गुळवेलीचा, पिंपळीचा,
किरायत्याचे सोळा.
बसला तर आकडा येतो, तोही उण्यात.
जितकं उणं, तितकी मिठी घट्ट.
आईला हे फोनवर समजावलं तर म्हणाली,
मग आमच्या संसाराचा आकडा काढ एकदा.

यादी मी खोतीगावहून आणली.
जानकी वेळीप खळ्यात भिरंडाची सोलं वाळत घालत होती,
हात लाल, मनगटापर्यंत.
काही झाडांची नावं तिनं सांगितली,
काहींकडे नुसती हनुवटी केली : तें.
माझ्या तक्त्यात नमुना क्रमांक अकरा,
स्थानिक नाव : तें.
शास्त्रीय नाव : —

तुजें मशीन कडू चाखता गो?
नाही, म्हटलं. त्याला फक्त आकार कळतो, आणि भार.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मुक्या पोराच्या आईकडे बघतात.

मग कृती. आठ वाट्या पाण्याची एक वाटी.
मिठाचा खडा. उपाशीपोटी नाही.
गरोदर बाईला तर मुळीच नाही, पाया पडली तरी.
वर चिमूटभर मिरी, ती आपली चवीला.
मिरी मी कंसात लिहिली.

आणि यानं सर्दी जाते? माझं पेन तयार.
सर्दी आपशींच वता, बाय.
कडू प्यायला की माणूस स्वतःला आजारी मानतो, म्हणाली,
कोयता खुंटीला लावतो, तीन दिवस निजतो.
त्याला निजवायचं. एवढंच.

हे मी वहीच्या मागच्या पानावर उतरवलं.
पुढच्या पानांवर त्याला रकाना नव्हता.

डॉक्टर कुलासो म्हणतात, मर्यादा या प्रकरणात घाल,
दोन पानं पुरेत.
दोन पानं केव्हाच भरली :
एका वेळी एकच रेणू, काढा नव्हे.
पोट नाही, यकृत नाही.
पाणी आहे, पण ते चौकोनी डब्यातलं,
तीनशे दहा केल्विनवर स्थिर. त्याला ताप चढत नाही
आणि ते कधी उकळतही नाही.
आकडा म्हणजे इशारा, गुण नव्हे.

पावणेबाराला उणे सात पूर्णांक नऊ.
आजवरचा सगळ्यांत घट्ट.
मी नाव पाहिलं.
मिरी.
कंसातली.

आनंदानं ओरडायला तोंड उघडलं
आणि शिंक आली.

थर्मासमध्ये किरायतं आहे, दुपारचं, गार.
नाक चिमटून एका दमात घेतलं.
जिभेच्या मुळाशी कडू अजून जागं आहे,
मीही.
अजून एकशे शेहेचाळीस रेणू रांगेत,
पंखे घरघरतायत,
आणि अकराव्या ओळीत कर्सर लुकलुकतोय
त्या आडव्या रेघेपाशी.
उद्या शनिवार. काणकोणची पहिली बस
फोंड्याहून किती वाजता सुटते, विचारायला हवं.
नाही तर निजायला हवं.